तुला बाही लावता येत नव्हती

गोदाताई, परवा तुझी शोकसभा झाली आणि तीत तुला शिवणकामातली उस्ताद ठरवून टाकलं. "बाईंचा हात मशिनवर पडला की कापड बोलायला लागायचं," असं सरपंच माइकवर म्हणाले. मी दाराशी उभी होते. तुझा हात मशिनवर पडला की कापड रडायला लागायचं, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. माझ्या निळ्या पोलक्याची डावी बाही तू उजवीकडे लावलीस आणि वर मलाच म्हणालीस, "तुहा खांदाच वाकडा हाय मास्तरीन, त्याले मी काय करू?" ते पोलकं मी अजून घरात घालते आणि हात वर करताना तुला शिव्या देते.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं एवढं मलाही कळतं. पण चांगलं बोलणं वेगळं आणि माणूसच बदलून टाकणं वेगळं. तुला जे येत नव्हतं त्याचे हार त्यांनी तुझ्या फोटोला घातले. तू जे केलंस त्याचा एका शब्दानं उल्लेख नाही. तू असतीस तर पदराआड हसून म्हणाली असतीस, मेल्या म्हशीले मनभर दूध. मला मात्र हसू येत नव्हतं, माझं डोकं तापलं होतं.

तुझ्या त्या शिवणवर्गाच्या पाटीवर काय लिहिलं होतं ते मला तोंडपाठ आहे, कारण ती पाटी माझ्याच हातची. 'ग्रामीण महिलांना शिवणकामाचे शिक्षण देऊन स्वावलंबी बनवणे.' नवं राज्य झालं, जिल्हा परिषद आली, पंचायत समिती आली, तिनं गावोगाव महिला मंडळं काढली आणि आपल्या मंडळाला दोन पायमशिनी आणि पंचायतीची एक खोली मिळाली. चालक म्हणून तुझं नाव लागलं, कारण तू मोठ्या घरची, तरुणपणीच विधवा झालेली, आणि दिराला तू दिवसभर घरात नको होतीस. सरकारला वाटलं बाया शिवण शिकतील. दिराला वाटलं बला टळली. तुला काय वाटलं होतं ते तू कधी कुणाला सांगितलं नाहीस, आणि माझं तुझ्याशी भांडण नेमकं तिथंच आहे.

मी या गावात शाळेवर आले तेव्हा आमच्या वस्तीच्या, पुऱ्याच्या, बाहेर मी कुणाच्या घरी पाय ठेवलेला नव्हता. आम्ही दीक्षा घेतली होती, नाव बदललं होतं, गाव मात्र आम्हाला जुन्याच नावानं ओळखत होतं. एक दिवस तू शाळेच्या फाटकात येऊन उभी राहिलीस. "माप लिहाले कोनी शिकेल बाई पायजे. दुपारी येत जाय." मी विचारलं, बाकीच्या बसतील का माझ्याबरोबर? तू डोळे बारीक केलेस. "खोली सरकारची, सतरंजी सरकारची, माठ सरकारचा. सरकारले जात नसते म्हन्तात. आपून पाहू खरं हाय का खोटं."

पहिलं वर्षभर अर्ध्या बाया घरून तांब्या भरून आणायच्या. तू कुणाला काही बोलली नाहीस, आणि तेव्हा मला तुझा राग यायचा. मला वाटायचं, ही बाई कडक बोलत का नाही. मग वैशाख आला. पंचायतीच्या खोलीवर टिनाचं छप्पर, भर दुपार, तांब्यातलं पाणी तापून चहासारखं झालेलं, आणि कोपऱ्यात तो माठ. पाटलांची मोठी सून पहिली उठली. कुणाकडे न पाहता तिनं माठात पेला बुडवला, प्यायली आणि माझ्या शेजारी येऊन पसरली. सातपुड्याकडून येणाऱ्या त्या उन्हाच्या झळांनी जे काम केलं ते शंभर भाषणांनी झालं नसतं, हे मी मान्य करते. पण ज्या समितीनं माठ दिला तिला हे कधी कळलं नाही. तिच्या दृष्टीनं तो माठ पिण्याच्या पाण्याची सोय होता.

आणि शिवण? शिवणाचं एकच झबलं होतं आपल्याकडे. पिवळं, पांढऱ्या पट्टीचं. बाया ते शिवायच्या, उसवायच्या, पुन्हा शिवायच्या. जीपचा आवाज आला की जी मशिनजवळ असेल ती पायपट्टी मारायला लागायची आणि झबलं सुईखाली सरकायचं. विस्तार अधिकारी दर खेपेला तेच झबलं उचलून पाहायचे आणि म्हणायचे, प्रगती समाधानकारक आहे. एकदा उसवायचं राहून गेलं आणि ते पुरतं शिवलेलंच त्यांच्या हाती लागलं. "कोणासाठी शिवलं?" त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "नातवासाठी." त्यांनी तुझं अभिनंदन केलं. ज्या बाईची कूस उजवली नाही तिला सरकारनं नातू मंजूर केला, म्हणून आम्ही पोट धरून हसलो. तू हसली नाहीस. त्या दिवशी ते झबलं तूच उसवलंस, टाका न् टाका.

मग त्या खोलीत चालायचं काय? बाया बसायच्या. एवढंच. आपल्या गावात बाईच्या हातात काही असलं की तिला रस्ता असतो. घागर घेऊन विहिरीवर, भाकरी घेऊन वावरात, ताट घेऊन देवळात. नुसतं जाऊन बसायला बाईला जागा नाही. पुरुषांना पार आहे, ओटे आहेत, हॉटेल आहे, सोसायटीची पायरी आहे, आणि तिथं बसून ते काय करतात असं त्यांना कुणी विचारत नाही. तू बायांच्या काखेत एकेक चिंधी दिलीस आणि तेवढ्या चिंधीवर त्या घराबाहेर पडल्या. कुणाच्या पाठीवर वळ आहेत, कुणाला दोन दिवस जेवायला वाढलं नाही, कुणाला पाचवं नको आहे, हे सगळं त्या मशिनच्या खडखडाटात बोललं जायचं. बोलणं नाजूक असलं की तू मुद्दाम रिकामी मशिन जोरात चालवायचीस, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मशिनचा तेवढा उपयोग मात्र तुला पक्का ठाऊक होता.

शेवंता तिथंच सापडली आपल्याला. लग्नाला पाच-सहा वर्षं, मूल नाही, आणि सासूनं तिला उपाशीपोटी दाराबाहेर काढून आतून कडी घातलेली. नवरा वावरात जाऊन बसलेला. पंच म्हणाले, घरातली बाब आहे. पोलीस पाटील म्हणाले, घरातली बाब आहे. तू दुसऱ्या दिवशी दोन्ही मशिनी बैलबंडीवर चढवल्यास, आम्हा सगळ्यांना मागे घेतलंस आणि शेवंताच्या सासरच्या अंगणात सतरंजी टाकलीस. सासू ओरडत बाहेर आली. तू हात जोडून म्हणालीस, "माय, पंचायतीच्या खोलीचं टिन उडालं. तुमचं आंगन मोठं हाय. सरकारी काम हाय, नाई म्हनू नका." टिन जागच्या जागी होतं. आपण तिथं रोज जाऊन बसलो, आणि शेवंता आपल्यात बसली. तिच्याच अंगणात, सरकारी सतरंजीवर, तिला कोण उठवणार?

त्यातच विस्तार अधिकाऱ्यांची जीप थेट त्या अंगणात आली. फिरता शिवणवर्ग पाहून ते इतके खूश झाले की त्यांनी सासूला समोर बोलावलं आणि सरकारी कार्याला जागा दिल्याबद्दल चारचौघांत आभार मानले. गावात सासूचा मान वाढला. ज्या घराचं नाव अधिकाऱ्यानं घेतलं त्या घराची सून रस्त्यावर कशी राहील? त्याच संध्याकाळी कडी निघाली. तू परत येताना बंडीच्या मागे चालत गाणं गुणगुणत होतीस आणि मी धुमसत होते. मी म्हणाले, "सासूचा सत्कार झाला ताई. जिनं पोरगी उपाशी ठेवली तिचा." तू म्हणालीस, "होऊ दे. सत्कारानं शेवंताची भाकर सुटली का? तुले न्याव पायजे, मले ते पोरगी घरात पायजे."

तेव्हा मी गप्प बसले. कमलच्या वेळी बसले नाही. कमल आपल्या वर्गातली एकटीच खरी शिवणारी. तिला सोयरीक आली मलकापूरकडची. पोरीला मशिन येते हे ऐकून पाहुणे लगेच हो म्हणाले, आणि मग म्हणाले, मशिन द्या. बापानं दिली. आज कमल सासरी अंधाऱ्या खोलीत त्या मशिनला जुंपलेली आहे. अख्ख्या आळीची पोलकी ती शिवते आणि तिला दारात उभं राहायची मुभा नाही. त्यानंतर आपल्या पंचक्रोशीत ही रीतच पडली. आधी हुंड्यात भांडी आणि घड्याळ होतं, आता मशिन. ज्या पोरींनी कधी सुई धरली नाही त्यांच्या बापांनाही मशिन मागतात. ताई, ही रीत आपल्या वर्गानं जन्माला घातली. आपण शिवणाचं सोंग आणलं आणि लोकांनी ते सोंग खरं मानून पोरींच्या गळ्यात बांधलं.

हे मी तुला तोंडावर सांगितलं. म्हणाले, पाटी बदल. आपण काय करतो ते उघड सांग. बायांना बसायला, बोलायला, एकमेकींच्या मदतीला जागा पाहिजे, असं म्हण. तू म्हणालीस, "इहीर पान्यासाठी खंदतात. कोनी तिच्यात जीव देल्ला म्हनून इहीर बुजवते का कोनी?" मी म्हणाले, "बुजवू नको, पण कठडा तर बांध." तू म्हणालीस, "कठडा बांधाले गेलो का पाटील इचारतीन, इथं इहीर हाय हे तुमाले सांगतलं कोनं?" मग आपण दोघी चिडलो. किती वेळा हे भांडण झालं, कधी मापं लिहिताना, कधी बाजाराच्या वाटेवर. तुझ्या शेवटच्या आजारात मी आले तेव्हाही ते माझ्या जिभेवर होतं. तुला ते दिसलं. तू म्हणालीस, "आता नोको. मी उठली का भांडू." तू उठली नाहीस, आणि मला भांडायला दुसरं कोणी नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तर परवाची सभा. तुझ्याच खोलीत झाली. मशिनी बाहेर काढून खुर्च्या मांडल्या आणि खुर्च्यांवर पुरुष बसले. बाया बाहेर, निंबाखाली, कारण आत जागा नव्हती. तुझ्या बाया, तुझ्या सभेला, बाहेर. शोकसभा शोकासाठी असते म्हणतात. ही सभा पंचायतीच्या निवडणुकीची पहिली सभा होती, एवढाच तिचा उपयोग मला दिसला. ज्यानं 'या वर्गामुळे बाया बिघडून राह्यल्या' असा अर्ज समितीकडे केला होता, तो तुझा मानसपुत्र निघाला. तुझा दीर रडला. ज्या दिरानं तुला तुझ्या हिश्शाच्या वावरात पाय ठेवू दिला नाही तो रुमाल डोळ्याला लावून रडला, आणि चारजणांनी त्याला धरलं.

शेवटी सरपंचांनी जाहीर केलं. खोलीला तुझं नाव देणार. जळगाव जामोदहून एक टेलर येऊन शिकवणार. परीक्षा होणार, प्रमाणपत्र मिळणार. आणि प्रवेश फक्त उपवर मुलींना. कुणीतरी विचारलं, लग्न झालेल्या बायांचं काय? सरपंच म्हणाले, "त्यांना आता शिकून काय करायचं? प्रमाणपत्र पोरींच्या लग्नात कामी येईल." सगळे हसले. म्हणजे जे नुकसान आपल्या हातून नकळत झालं तेच आता तुझ्या नावानं, हेतू म्हणून पाटीवर लिहिलं जाणार. आणि जे आपण केलं ते करायला जागा उरणार नाही. शेवंतानं उद्या कुठं जायचं?

मला कुणी बोलायला बोलावलं नव्हतं. मी पुढे गेले आणि माइकसमोर उभी राहिले. भाषण मला येत नाही, पोरांना पाढे शिकवणारी मी. मी म्हणाले, "या बाईला बाही लावता येत नव्हती." निंबाखालून एकदम हसू फुटलं. इतक्या बाया एकत्र हसताना या गावानं ऐकल्या नसतील. मग मी सगळं सांगितलं. झबलं सांगितलं. टिन उडालं नव्हतं हे सांगितलं. त्या खोलीत बाया रडायला यायच्या, हसायला यायच्या, पोटभर बसायला यायच्या, आणि तेच त्या खोलीचं काम होतं हे सांगितलं. निंबाखालचं हसू कधी थांबलं आणि रडू कधी लागलं ते मला समजलं नाही. सरपंच म्हणाले, "बाई भावनेच्या भरात आहेत." माझे हेडमास्तर माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "बाई, बदल्यांचे दिवस हायेत."

संध्याकाळी खोलीला कुलूप लागलं. दुरुस्ती चालू आहे म्हणे.

झालं तुझ्या मनासारखं. खऱ्या कामाचं नाव उघड घेतलं की दार बंद होईल, असं तू म्हणायचीस, आणि ते झालं. तू बरोबर होतीस. पण ताई, मला तुझाही राग आलेला आहे आणि तो मी गिळणार नाही. तू जन्मभर चोरून चांगलं केलंस. तुझ्या मागं सांगायला एक वाक्यसुद्धा ठेवलं नाहीस, म्हणून त्यांना तुझ्या फोटोसमोर उभं राहून वाटेल ते सांगता आलं. तू एकदा, फक्त एकदा, म्हटलं असतंस की मला या बायांसाठी हे हवं आहे, तर परवा मी तिथं एकटी वेडी ठरले नसते. आणि हेही खरं की तू तसं म्हटलं असतंस तर ती खोली पहिल्याच वर्षी गेली असती, आणि मी आजही पुऱ्याबाहेर कुणाच्या शेजारी बसले नसते. हे दोन्ही मला एकाच वेळी दिसतं आणि झोप लागत नाही.

कुलूप पाहून बाया माझ्याभोवती जमल्या. पाटलांची सून, शेवंता, सगळ्या. "मास्तरीनबाई, आता उद्या?" मी विचार न करता म्हणाले, "माझ्या घरी." म्हटल्यावर ध्यानात आलं, मी काय बोलून गेले ते. कारण माझं घर पुऱ्यात आहे. तिथं छप्पर सरकारचं नाही, माठ माझ्या आईचा आहे. तुझ्या त्या खोलीत सगळं सरकारवर ढकलता येत होतं. माझ्या ओसरीवर यायचं तर जिनं तिनं आपल्या पायानं यायचं, आणि गावात कुणी विचारलं तर सांगायला शिवणवर्ग नाही. पदर सावरत एकेक निघून गेली.

काल दुपारी ओसरी सारवलेलीच होती तरी मी ती पुन्हा झाडली. आई म्हणाली, "येतीन का वं कोनी?" मी म्हणाले, नाही येणार. मला तसंच वाटत होतं. पुऱ्यातल्या आमच्या बाया आल्या, त्या येणारच होत्या. बराच वेळ झाला. वाटेकडे पाहायचं नाही असं ठरवून मी पाठ करून बसले. मग आईनं माझ्या खांद्याला हात लावला.

शेवंता होती. मागच्या पांदणीच्या आडवाटेनं नाही, सरळ गावातून, देवळासमोरून, पारावरच्या पुरुषांसमोरून आली होती. पाटलांची सून नव्हती, अजून दोघी होत्या, त्या शेवंताच्या मागे अंग चोरून उभ्या. शेवंता ओसरीवर चढली, आईनं सरकून जागा दिली तिथं बसली. तिचा श्वास लागला होता. मी विचारलं, "सासूनं येऊ दिलं?"

"दारात आडवी झाली न. म्हने, कुठं चालली? मी म्हनलं, मास्तरीनबाईच्या घरी. म्हने, वर्ग तं बंद झाला, आता काहाले?"

"मग काय सांगितलं?"

ताई, तू जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाहीस ते या पोरीनं आपल्या सासूला, आपल्या दारात, भर दुपारी सांगितलं होतं.

"मी म्हनलं, बसाले."